टोपलीची भाकर

आमच्या ऑफिसात सध्या मला फार मान आहे. कुणाकडे पाहुणे येणार असले, कुणाचा जावई पहिल्यांदाच जळगावला येणार असला, की माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. शेवभाजी कुठली खाऊ घालू, भरीत आता कुठे चांगलं मिळतं, पाहुण्यांना तिखट सोसत नाही तर त्यांना कुठे न्यायचं. मी सांगते, आणि माझं सांगणं सहसा चुकत नाही, कारण दिवाळीपासून दर रविवारी मी कुठल्या ना कुठल्या हॉटेलात जाऊन बसते आहे. बाईंना या वयात खाण्याचा नाद लागला, असं सगळ्यांना वाटतं. नाद वगैरे काही नाही. माझे वडील जेवत नव्हते, म्हणून मी त्यांना घेऊन हिंडत होते.

माय श्रावणात गेली. आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. नाना महिनाभर तिथेच एकटे राहिले, शेजारच्या डब्यावर. मग मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. आले ते मुकाट्याने आले, पिशवीत दोन धोतरं आणि चष्मा घेऊन. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, पाणी प्यायचे आणि हात धुवायला उठायचे. विचारलं तर म्हणायचे, झालं माझं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. "यांना आवडेल ते खायला घाला," डॉक्टर म्हणाले, आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर हिवाळा काढणं अवघड जाईल.

आता नानांना काय आवडतं, हे खरं म्हणजे मला ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं की त्यांना जेवण आवडतं. शेतातून आले की पायातली चप्पल निघायच्या आत त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज जेवाले काय शे?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, डोक्याचा रुमाल सोडता सोडता. भाजी तीच असली तरी विचारायचे, उत्तर आधीच वासाने कळलेलं असलं तरी विचारायचे. माय कधी सांगायची, कधी नुसतीच भाकरी थापत राहायची. माझ्याकडे आल्यापासून मात्र त्यांनी एकदाही तो प्रश्न विचारला नव्हता. माझं लक्ष आधी त्यांच्या ताटाकडे होतं, म्हणून हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ गेला.

तर आमचे रविवार सुरू झाले. हे गाडी चालवायचे, नाना पुढे, मी मागे. धुळ्याला गेलो. तिथल्या शेवभाजीचं आमच्याकडचे धुळेकर इतकं कौतुक ऐकवतात की जणू शेव त्यांच्या आजोबांनीच पहिल्यांदा पाडली. खोटं कशाला बोलू, भाजी होती झकास. जाड शेव, रस्सा काळाभोर, तवंगाखाली काय दडलंय याचा पत्ता लागत नाही असा. नानांनी शेव बाजूला सारली, रश्शात बोट बुडवून चाखलं आणि खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत बसले. पहूरला गेलो. थंडी पडली होती, रस्त्याकडेच्या टपरीवर पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी भाजत होते, शेजारी लाकडाच्या बडगीत मुसळाने ठेचत होते. कपाशीच्या काड्यांचा तो धूर नाकात गेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कळण्याची पुरी आणि ते भरीत मी स्वतः इतकं खाल्लं की मला गाडीत बसवेना. नानांनी कांद्याची पात खाल्ली. बोदवडला स्टेशनबाहेर एका काकूंकडे घोटलेल्या वांग्याची भाजी आणि बट्टी मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिकडेही जाऊन आलो. काकूंनी नानांच्या बट्टीवर हात सैल सोडून तूप वाढलं. नाना त्यांना म्हणाले, छान झालंय, आणि अर्धी बट्टी तशीच ठेवली.

जळगावातलीही हॉटेलं झाली. एका ठिकाणी कारंजं होतं. एका ठिकाणी खाटा टाकलेल्या, भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं आणि ताटाला 'खान्देशी थाळी' असं नाव. वाढणारा मुलगा नम्रपणे विचारत होता, आजोबा, कमी तिखट देऊ का. नानांनी त्या चाकाकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं की याची लोखंडी धाव कुठे गेली. त्या महिन्यात ते एवढंच बोलले असतील.

डिसेंबरात एकदा मार्केटच्या मागच्या गल्लीतून जाताना मला तो वास आला. खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजला जातो आणि मग वाटला जातो, त्याचा. खरं तर असा वास जळगावात चार पावलांवर येतो. पण या वासात मागून कडुलिंबाच्या झाडाचा वास होता, ओल्या गोणपाटाचा होता, मोटारीच्या जळलेल्या वायंडिंगचा होता. मी गाडी बाजूला लावली आणि बघितलं. पत्र्याचं छत, पुढे लिंब, दगडी बाक. आबाची भाजी. ही जागा मला आधी कशी सुचली नाही!

या जागेला पाटी नव्हती. आबा नावाचे एक गृहस्थ भाजी करायचे म्हणून आबाची भाजी. अंगाने थोराड, बनियनवर, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, आवाज मात्र बारीक. एका मोठ्या जर्मनच्या पातेल्यात रस्सा आणि दुसऱ्यात त्या दिवशीचं जे काय असेल ते. शेव बहुतेक असायचीच, शनिवारी पातोडी, थंडीत कधी भरीत. भाकरी मात्र आबा करत नसत. तिथली रीतच तशी होती. भाकरी घरून आणायची, भाजी आबांची. बाजाराला, खताला, मोटार दुरुस्तीला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन यायची, बाकावर फडकं सोडायची आणि आबा लांब दांड्याच्या पळीने रस्सा ओतत जायचे. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणाची कळण्याची. सगळी माणसं रश्शात भाकरी कुस्करून, नाक ओढत, घाम पुसत खायची. बोलायचं फारसं कुणी नाही.

आणि दाराशी, आत शिरल्यावर डाव्या हाताला, एका स्टुलावर ती टोपली. बांबूची, आत पांढरं फडकं अंथरलेली. ज्याने घरून भाकरी आणली त्याने बसण्याआधी त्यातली एक टोपलीत ठेवायची. ज्याने आणली नसेल त्याने टोपलीतली घ्यायची. कुणाची म्हणून विचारायचं नाही, किती घेतल्या म्हणून बघायचं नाही. आपण ठेवलेली आपणच परत उचलायची नाही, एवढं मात्र सगळे पाळत. दवाखान्यात आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, गाडी चुकलेले, असे लोक असायचेच. त्यांची सोय व्हायची.

आमची केळी होती, आणि केळीच्या विहिरीवरची मोटार वरचेवर जळायची. त्यामुळे आठवड्या-पंधरवड्याला नानांची जळगावची फेरी ठरलेली. मला सुट्टी असली की मी हट्ट करून बरोबर जायची. पहाटे माय कळण्याच्या भाकरी करायची. ज्वारी आणि सालासकट उडीद, मीठ घालून दळलेले. ते पीठ भिजवलं की घरभर एक मातकट, खमंग वास पसरायचा, मी अंथरुणातूनच ओळखायची की आज जळगाव. नानांच्या, माझ्या आणि वर एक टोपलीची. टोपलीची भाकर माय सगळ्यात शेवटी करायची, तवा चांगला तापल्यावर. ती जरा मोठी असायची आणि तव्यावरून उतरवली की तिच्या काठाला माय अंगठ्याने एक दाब द्यायची. भाजेल म्हणून मी ओरडायची. तिला भाजायचं नाही. तो खळगा असलेली भाकर आमची, हे नानांना लांबूनही दिसावं म्हणून.

कारण नानांच्या अंगावर एक काम असायचं. ती भाकर कोण खातं, ते बघून यायचं.

म्हणून ते नेहमी टोपलीसमोरच्या बाकावर बसायचे, लिंबाच्या बाजूला. आपलं जेवण झालं तरी उठायचे नाहीत. वायंडिंगवाल्याकडे मोटार झालेली असायची, एसटीची वेळ होत आलेली असायची, मी त्यांचा सदरा ओढत असायची, तरी नाना पाणी पीत, तंबाखू मळत बसून राहायचे. मग कुणीतरी यायचं. टोपलीत हात घालायचं, वरच्या दोन भाकरी बाजूला करून नेमकी आमची काढायचं. कळण्याची भाकर तशी हाताला जड लागते, भुकेल्या माणसाला ती बरोबर सापडते. नाना मला कोपराने ढोसायचे. मग आम्ही दोघं त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचो. त्या बिचाऱ्याला काही कल्पना नसायची.

संध्याकाळी घरी आलो की नाना मोरीवर पाय धुवायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायचे. माय चुलीपुढे, पाठमोरी.

"आज जेवाले काय शे?"

"पहिले सांगा, टोपलीनी कोनी खादी?"

ती वळायची नाही. हात चाललेले असायचे, पण चुलीतला जाळ सारायची थांबलेली असायची. मग नाना सांगायला लागायचे. कुठल्या गावचा, कसा होता, कपडे कसे, एकटा होता की बरोबर कुणी, भाकरी रश्शात कुस्करली की तोडून खाल्ली. माय मधे एवढंच विचारायची, "पुरी खादी का टाकी दिन्ही?" अख्खी खाल्ली म्हटलं की ती उठायची आणि ताट वाढायला घ्यायची. बाकी दिवशी नानांच्या प्रश्नाला ती लगेच उत्तर द्यायची नाही, पण जळगावच्या दिवशी तर तिचा हिशेब चुकता झाल्याखेरीज भाजीचं नावसुद्धा सांगायची नाही. यावलचा एक हमाल, पायाला प्लास्टर असलेला एक मास्तर, बायकोला दवाखान्यात ठेवून आलेला एक म्हातारा, जो जेवता जेवता झोपला. ही माणसं आमच्या घरात वर्षानुवर्षं राहिली. माय मधूनच विचारायची, त्या मास्तरचा पाय बरा झाला असेल का हो.

एक दिवस कुणीच आलं नाही. पाऊस लागून राहिला होता, आबांकडे चार माणसं, सगळी आपापल्या भाकरीची. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा आमची भाकर टोपलीत तशीच होती, काठावरच्या खळग्यासकट. नाना उठले. येताना एसटीत ते गप्प होते. घरी मायने विचारलं तेव्हा म्हणाले, बोदवडचा एक रेल्वेतला माणूस होता, भिजून आला होता, पुरी खाल्ली. त्याच्या मिशा कशा होत्या तेही सांगितलं. मी नानांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी काही बोलले नाही, आणि पुढेही कधी बोलले नाही.

आज हे सगळं आठवताना मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं, तर मायने ती जागा आतून कधी पाहिली नाही याचं. बायका तिथे बसत नसत. नियम काही नव्हता, पण नसत. मीही ओढणी घ्यायला लागले तशी माझी जळगावची फेरी आपोआप थांबली. नंतर मी शिकायला जळगावलाच आले, नोकरी लागली, लग्न झालं, त्या गल्लीवरून हजार वेळा गेले असेन. आत पाय टाकला नाही. मायच्या भाकरी मात्र चालूच होत्या. हात थरथरायला लागले तरी टोपलीची एक तिने सोडली नाही.

एकदाच ती आबांच्या दारापर्यंत आली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात तिला दाखवायचं होतं. पहाटे स्वतःच भाकरी करून आणल्या होत्या. नाना म्हणाले, आज तूच ठेव टोपलीत, चल. माय लिंबाच्या पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभी राहिली. "बायामानसं तठे नई बसतस," म्हणाली, "आठूनच देखस मी." तिच्याशेजारी मी उभी होते. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला नीट दिसत नव्हतं, तरी तिने पदराची सावली करून नाना आत जाताना बघितलं, टोपलीवर त्यांचा हात गेलेला बघितला. थोड्या वेळाने एक तरुण पोरगा सायकल लावून आत शिरला आणि त्याने टोपलीतून भाकरी उचलली. आमचीच का, ती मला विचारत होती. मी म्हटलं, आमचीच. पोरगा उभ्या उभ्याच पहिला तुकडा तोंडात टाकत आत गेला. माय खुदकन हसली. मी परतीच्या एसटीत बसवून दिलं तेव्हा डोळे मिटून बसली होती, पण झोपलेली नव्हती, कारण तोंडावरचं हसू तसंच होतं.

तर डिसेंबरातल्या त्या दिवशी मला आबाची भाजी पुन्हा दिसली, आणि माझा जीव हरखला. इतके रविवार उगाच घालवले असं झालं. दुसऱ्याच दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि नानांना काही न सांगता तिथे घेऊन गेले. आबा आता नाहीत. त्यांची सून जागा चालवते, तिला सगळे अक्का म्हणतात. वयाने माझ्याएवढीच, तशीच लांब दांड्याची पळी हातात. तिने नानांना बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाली, "नाना, तुमनी जागा तठेच शे." आणि खरोखरच टोपलीसमोरचा बाक रिकामा होता.

नाना दारातच उभे राहिले. टोपलीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या हातात पर्स होती.

"घरनी भाकर आनी नई," ते म्हणाले, "मंग आठे कसाले बसानं?"

मी म्हटलं, नाना, टोपलीत आहेत की भाकरी, ज्याने आणली नाही त्याने त्यातलीच घ्यायची ना. अक्काही तेच म्हणाली. नानांनी मान हलवली. रागाने नाही, पण हलवली. घरी चूल असलेल्या माणसाने टोपलीतली उचलायची नसते, हे त्यांनी मला बोलून दाखवलं नाही, तरी कळलं. ते वळले आणि गाडीत जाऊन बसले. मी अक्काकडून रस्सा बांधून घेतला. तो संध्याकाळी पोळीबरोबर त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांनी वाटी सरकवून ठेवली.

इतकी वर्षं ज्या भाकरीचा वास घेत मी मोठी झाले, तिच्यावाचून मी त्यांना तिथे नेलं होतं. मी हॉटेलात जाते तशी गेले, हात हलवत. मला माझाच राग आला. पण राग करून भाकरी होत नाही. आमच्याकडे पोळ्यांना बाई येते, भाकरी करून मला कित्येक वर्षं झालेली. शनिवारी मी ज्वारी आणि उडीद निवडले, गिरणीत उभी राहून दळून आणले. गिरणीवाल्याने तेवढ्यासाठी जातं साफ करायला कुरकुर केली, ती ऐकून घेतली.

रविवारी सकाळी थापायला बसले. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. उडदामुळे पीठ हाताला चिकटतं, त्याला पाणी किती लावायचं हे माझे हात विसरले होते. तिसरी जाड, कडेने कच्ची. पण थापण्याचा आवाज मात्र बरोबर येत होता, आणि त्यावर तो मातकट खमंग वास. चौथी तव्यावर होती तेव्हा मला मागे कुणीतरी असल्यासारखं वाटलं. नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझ्याकडे आल्यापासून ते या दारापर्यंत आले नव्हते. त्यांचं सगळं बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर.

त्यांनी झालेल्या भाकरी नजरेने मोजल्या. मग म्हणाले, "टोपलीनी एक जास्ती कर."

मी केली. ती सगळ्यात बरी जमली. तव्यावरून उतरवून ताटात ठेवली, तसं त्यांनी बोटाने तिच्याकडे दाखवलं. "काठले अंगठा दाब."

मी दाबला. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. माय हे कसं करायची कोण जाणे.

दुपारी आम्ही आबाच्या भाजीवर गेलो. फडकं नानांच्या हातात होतं, त्यांनी ते मला घेऊ दिलं नाही. दारात थांबून त्यांनी गाठ सोडली, खळग्याची भाकर काढली, टोपलीत ठेवली. फडक्याचं टोक तिच्यावर नीट ओढलं. मग आपल्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. आता बायका तिथे बसतात. पलीकडे कॉलेजच्या दोन मुली मोबाइलवर शेवभाजीचे फोटो काढत होत्या.

अक्काने रस्सा वाढला. वाफ नानांच्या चष्म्यावर आली, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा घातला. भाकरीला हात लावला नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. इथेही जेवले नाहीत, तर मग मला दुसरी जागा ठाऊक नव्हती. तवंग निवत चालला. माणसं येत होती, पण आता बहुतेक लोक अक्काकडच्याच भाकरी मागतात, तिने त्याची सोय केली आहे. टोपलीकडे कुणी बघत नव्हतं. कुणी आलंच नाही तर, असं माझ्या मनात आलं, आणि मला ते पावसाचे चार जण आठवले.

मग एक बाई आली. पन्नाशीची असावी, सातपुड्यातल्या पाड्यावरची. पायात स्लिपर, खांद्याला दवाखान्याची पिशवी, हातात रिकामा थर्मास. ती दारात घुटमळली. अक्काने पळीनेच टोपली दाखवली. बाईने फडकं बाजूला केलं, आत हात घातला आणि खळग्याची भाकर काढली.

नानांनी मला कोपराने ढोसलं.

ती आमच्यासमोरच बसली. नाना तिच्याकडे बघत होते आणि मी नानांकडे. तिने भाकरी आधी हुंगली, मग तोडली. सावकाश खात होती, रश्शात तुकडा पुरता भिजू देऊन. नानांनी तिला गाव विचारलं. तिने सांगितलं, चोपड्याकडच्या वैजापूरच्या वर, डोंगरात पाडा आहे. मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात आहे, पहाटेपासून कळा देते आहे, अजून मोकळी झाली नाही. तिच्याकडे कुणालातरी बसवून ती दोन घास खायला खाली उतरली होती. नानांनी विचारलं, पहिलीच खेप का. ती हो म्हणाली. मग नानांनी आपल्या वाटीतला कांदा उचलून तिच्या ताटात ठेवला.

भाकरीचा शेवटचा तुकडा राहिला तेव्हा तिने तो रश्शात बुडवला नाही. कोरडाच पदरात बांधला, मुलीसाठी. उठली, हात धुतले, थर्मासात अक्काकडून गरम पाणी भरून घेतलं आणि निघून गेली.

नानांनी आपली वाटी जवळ ओढली. रस्सा पार थंड झाला होता. अक्का बघत होती, तिने न विचारताच वरून गरम ओतला. नानांनी माझी ती जाड, कडेने कच्ची भाकरी मोडली, रश्शात कुस्करली, आणि खायला लागले. भाकरीला नाव ठेवलं नाही. नाक ओढलं, कपाळाचा घाम रुमालाने पुसला, आणि पुन्हा खाल्लं. मला रडू येत होतं. तिखटाचा ठसका लागल्याचं निमित्त होतं, ते मी वापरलं.

पण एका जेवणाने काय होतं, हेही मला ठाऊक होतं. गाडीत ते पुन्हा गप्प झाले. घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत आडवे झाले, टीव्ही लावला नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला, स्वयंपाकघरात गेले, कणीक काढली. थोड्या वेळाने बाथरूममध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. नाना पाय धूत होते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली होती आणि तिच्यावर बसले होते, ओले पाय फरशीवर टेकवून.

 माझी त्यांच्याकडे पाठ होती. तशीच राहू दिली. ते कशाची वाट बघत आहेत ते मला एकदम कळलं. तो प्रश्न माझा नव्हता. तो विचारायचा हक्क एकाच बाईचा होता. कढईत तेल टाकलेलं होतं, ते तापत होतं. मी गॅस बारीक केला.

"नाना," मी म्हटलं, "टोपलीनी कोनी खादी?"

 मग त्यांनी घसा खाकरला.

"एक बाई व्हती," ते म्हणाले. "पाडावरनी. तिनी पोर दवाखानामा शे." आणि मग ते सांगत गेले, जणू मी तिथे नव्हतेच. स्लिपरचा रंग, थर्मासचं झाकण कसं दोऱ्याने बांधलेलं होतं, भाकरी आधी कशी हुंगली. अंधार पडला तरी आम्हाला लाइट लावायचं सुचलं नाही.

"पुरी खादी का टाकी दिन्ही?"

"पुरी खादी. एक तुकडा पोरकरता बांधी लिन्हा."

मी डोळे पुसले, गॅस मोठा केला आणि फोडणी टाकली. मागे खुर्ची करकरली. नाना उठले होते, दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. त्यांनी एकदा वास घेतला.

"आज जेवाले काय शे?" त्यांनी विचारलं.